सुरी थांबवल्याबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,
स. न. वि. वि.

ऑपरेशनबद्दल तुमचे आभार मी वॉर्डातच मानले होते. हे पत्र तुमच्या दुसऱ्या कामासाठी, म्हणजे उपचार तपासून पाहणाऱ्या संशोधनासाठी आहे. त्याबद्दल पेशंट सहसा काही बोलत नाहीत, कारण ते त्यांना दिसतच नाही.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ आहे हे कळल्यावर मी एकच धोशा लावला होता : उद्याच कापून काढा. सर्जनला आणखी काय हवं असतं, असा माझा समज! तुम्ही म्हणालात, आधी केमो आणि रेडिएशन, मग ऑपरेशन. ‘का’ विचारल्यावर नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीचा आलेख पुढे ठेवलात. २०१२ साली प्रसिद्ध झालेली, ३६६ रुग्णांची चाचणी. थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्मे साधारण २४ महिन्यांच्या पुढे जगले. आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांत तोच आकडा ४९. शिवाय या दुसऱ्या गटात शंभरातल्या २९ जणांच्या काढलेल्या भागात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. मी गप्प बसलो.

पोटाकडचं काम तुम्ही दुर्बिणीतून केलंत, छाती मात्र उघडलीत. त्यामागेही २०१९ ची एक फ्रेंच चाचणी होती : अशा पद्धतीनं मोठ्या गुंतागुंती शंभरात ६४ वरून ३६ वर आल्या. काढलेल्या अन्ननलिकेच्या जागी जठराची नळी करून ती छातीत ओढली आहे, त्यामुळे थोडं थोडं खातो आणि उशाकडची बाजू उंच करून झोपतो. तक्रार नाही. (आहे, पण ती जेवणाच्या ताटाबद्दल.)

खरे आभार मात्र एका न आवडलेल्या बातमीसाठी. २०२५ च्या सुरुवातीला ‘एसोपेक’ ही जर्मन चाचणी प्रसिद्ध झाली. माझ्या प्रकारच्या म्हणजे ॲडिनोकार्सिनोमाच्या (ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरच्या) गाठीत, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दिलेली ‘फ्लॉट’ ही चार औषधांची केमो ‘क्रॉस’ पद्धतीच्या केमो-रेडिएशनपेक्षा सरस ठरली : निम्मे रुग्ण ६६ महिन्यांच्या पुढे जगले, ‘क्रॉस’ गटात ३७. ‘फ्लॉट’ आधी जठराच्या कॅन्सरमध्ये मान्यता पावलेली. म्हणजे मी घेतलेला उपचार माझ्यासारख्यांसाठी मागे पडला, आणि हे तुम्ही फॉलो-अपला स्वतःहून सांगितलंत. घरी कुणालाच ते रुचलं नाही. मला रुचलं. आज इतर डॉक्टरांना ‘उपचार बदला’ म्हणून सांगणारा माणूस माझ्या वेळी उगाच ‘क्रॉस’ म्हणाला नसेल, एवढं त्यातून कळलं.

आता तर गाठ पूर्ण विरघळली असेल तर ऑपरेशन लांबवून नुसतं लक्ष ठेवता येईल का, हेही तुम्ही मंडळी तपासता आहात. सर्जननंच सर्जरीची गरज तपासायची, याला धाडस लागतं.

हे आभार त्या ३६६ जणांपर्यंतही पोचायला हवेत. थेट ऑपरेशनच्या गटात ज्यांचं नाव निघालं, त्यांच्याशिवाय ते २४ आणि ४९ शेजारी शेजारी मांडताच आले नसते.

माझ्या गाठीचा नमुना संशोधनासाठी वापरायला मी सही दिलीच आहे. काही निघालं तर कळवा, न आवडणारं असलं तरी.

आपला,
एक पेशंट