किती दिवसांनी, तेही छापावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण पुन्हा चालू लागणार, अशा बातम्या वर्षातून दोन-तीनदा तरी वाचनात येतात. त्या खोट्या नसतात. मात्र इजेनंतर किती दिवसांनी उपचार झाला, हा तपशील त्यांतून बहुधा गळतो आणि आमच्यासारख्या घरांना नेमका तोच हवा असतो.

माझा धाकटा भाऊ आंबे काढताना झाडावरून पडला, त्याला नऊ वर्षे झाली. कमरेखाली संवेदना नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी गजर लावून त्याची कूस बदलावी लागते. त्याच्या उशीखाली जपानच्या केइओ विद्यापीठातील प्रयोगाचे, घडीवर पार झिजलेले एक कात्रण आहे. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या त्या प्रयोगात आयपीएस पेशींपासून (म्हणजे साध्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या पेशींपासून) तयार केलेल्या पेशी चार रुग्णांच्या मज्जारज्जूत, प्रत्येकी सुमारे २० लाख, सोडल्या होत्या. दोघांत ठळक सुधारणा दिसली, त्यांतला एक आधाराविना उभा राहू लागला. हे सारे कात्रणात आहे. चौघांवरही हा उपचार इजेनंतर १४ ते २८ दिवसांत झाला, एवढेच त्यात नाही.

हातातला मज्जातंतू तुटला, तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुन्हा वाढतो. मज्जारज्जूत मात्र तंतूंच्या आवरणातली ‘नोगो-ए’सारखी प्रथिने ही वाढ रोखतात आणि पुढे जखमेच्या जागी धरलेला वण वाट अडवतो. स्वित्झर्लंडमधील झुरिकचे मेंदूशास्त्रज्ञ मार्टिन श्वाब यांनी कित्येक दशके या अडथळ्याचा पिच्छा पुरवला; तरीही नोगो-एविरोधी औषधाच्या १२६ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत मुख्य निकषावर औषध आणि प्लासिबो (औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य) यांत फरक पडला नाही. तेथेही रुग्ण इजेनंतर चार आठवड्यांच्या आतलेच होते. ही बातमी मराठीत माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

हा अडथळा आम्हांला तेव्हा ठाऊक असता, तर चौथ्या वर्षी एका खासगी दवाखान्यात ‘स्टेम सेल’च्या, म्हणजे मूळपेशींच्या, इंजेक्शनांसाठी आईच्या पाटल्या मोडल्या नसत्या. गुण काही आला नाही. असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असल्याचे पुढे एका फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितले.

जुन्या इजेवर काहीच चाललेले नाही, असेही नव्हे. स्वित्झर्लंडमधल्याच लोझान शहरात २०१८ साली, इजेला चार वर्षांहून अधिक काळ लोटलेले तिघे जण मज्जारज्जूला विद्युत-उत्तेजन देऊन आधाराने चालू लागले. पण तेथे नवे तंतू उगवले म्हणून नव्हे, शाबूत उरलेल्या तंतूंना कामाला लावले म्हणून.

तेव्हा अशी बातमी देताना रुग्ण किती, इजा किती जुनी आणि तुलनेसाठी दुसरा गट होता की नाही, या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदातच द्याव्यात, ही विनंती. भाऊ कात्रणाचा पहिलाच परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवतो.

कळावे,
एक वाचक, रत्नागिरी