अडकलेली नक्कल आणि मडगावच्या ताई

डिचोली, गोवा

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठे लिहू नका, असं निघताना बजावलंत, म्हणून ते लिहिलेलं नाही. पण पत्र मात्र उघड लिहितोय. तुम्ही जे केलंत ते आमच्या चार माणसांत राहून जावं, हे मनाला पटेना.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं आमच्याविषयी सांगतो. गोव्यात जत्रेला, काल्याला गावच्या मंडळींनी नाटक करायची रीत जुनी आहे. त्या नाटकांच्या नकला, म्हणजे नटांनी आपापल्या भूमिकेपुरत्या हातानं उतरवून घेतलेल्या वह्या, आम्ही घरोघरी फिरून गोळा करतो, स्कॅन करतो आणि मूळ वही परत नेऊन देतो. कुणाकडे ती माळ्यावर असते, कुणाकडे देवघराच्या फडताळात. वाळवी आणि पावसाळा या दोघांच्या तावडीतून जे वाचलं ते आमच्या हाती लागतं. वह्या देणाऱ्या बऱ्याच घरांनी एकच अट घातली होती, की आजोबांचं अक्षर बाहेरच्या कुठल्या कंपनीच्या क्लाउडवर जाता कामा नये. म्हणून आम्ही आमच्याच खोलीत छोटा खासगी क्लाउड उभा केला: तीन जुने सर्व्हर, त्यांवर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) आणि सगळ्यांना मिळून एक स्टोरेज. स्कॅन एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक फोल्डरमध्ये, आणि सूचीचा डेटाबेस ज्या व्हर्च्युअल मशिनवर, म्हणजे आभासी संगणकावर चालतो त्याची डिस्क आयस्कझीवर, म्हणजे स्टोरेजमधली डिस्क नेटवर्कवरून स्वतःची असल्यासारखी वापरायच्या पद्धतीनं.

जूनच्या पहिल्या पावसात एका मंगळवारी रात्री वीज कोसळली. सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारा नेटवर्कचा स्विच गेला, तिसऱ्या सर्व्हरची डिस्क गेली. बुधवारी सकाळी नवा स्विच आणून बसवला, सगळे दिवे हिरवे लागले, स्टोरेज जोडलं गेलं. मला वाटलं, थोडक्यात निभावलं. दुपारी एका वहीचे स्कॅन कॉपी करायला घेतले आणि ते मध्येच थांबले. एरर नाही, काही नाही. स्क्रीन नुसती गोठलेली. प्रोसेस मारायला गेलो तर मरेना. सीपीयू रिकामा बसलेला, पण सर्व्हरवरचा लोडचा, म्हणजे खोळंबलेल्या कामांचा आकडा चढतच चाललेला. तिकडे डेटाबेसचं मशिन सुरू व्हायचं आणि दोनेक मिनिटांत त्याची डिस्क ‘फक्त वाचा’ अशी होऊन बसायची.

स्टोरेज ज्यांच्याकडून घेतलं होतं त्यांना फोन केला. त्यांनी न बघताच सांगितलं, डिस्क गेल्या असतील, नवीन घ्या. नव्या डिस्कची किंमत ऐकून मी रात्रभर जागा होतो. पैशांपेक्षा पोटात गोळा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. त्या आठवड्यात स्कॅन केलेल्या दोन वह्यांची मूळ पानं इतकी जीर्ण होती की पुन्हा काचेवर ठेवली असती तर त्यांचा भुगा झाला असता.

शुक्रवारी एका मित्रानं तुमचा नंबर दिला. ओळख ना पाळख, तरी तुम्ही तासभर बोललात. तुमचा पहिला प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो: “बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललंत?” मी म्हणालो, काहीच नाही. स्विच माझ्या ध्यानातच आला नाही. तो तर चालत होता. मग तुम्ही लहान लहान गोष्टी करून पाहायला लावल्यात. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणारी हाक) जातंय? जातंय. स्टोरेजचं २०४९ पोर्ट, म्हणजे एनएफएसचं दार, उघडं आहे? आहे. आयस्कझीचं ३२६०? तेही आहे. आयस्कझीचं लॉगिन होतंय? होतंय. आता एखादी छोटी मजकुराची फाइल उघडा. उघडली. आता एक स्कॅन उघडा. अडकला. पुन्हा छोटी, पुन्हा मोठी. छोटी प्रत्येक वेळी उघडत होती आणि मोठी प्रत्येक वेळी अडकत होती. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि विचारलंत, “मधला स्विच जुनाच आहे ना?”

त्याच फोनवर तुम्ही मला दोन गोष्टींपासून आवरलंत. त्या दोन्ही मी करायच्या बेतात होतो, आणि सर्वांत जास्त ऋण मी त्याचंच मानतो. पहिला सर्व्हर मी सरळ पॉवर काढून बंद करणार होतो. आणि कुठेतरी वाचून एनएफएसचं माउंट, म्हणजे सर्व्हरला केलेली फोल्डरची जोडणी, ‘हार्ड’चं ‘सॉफ्ट’ करणार होतो, म्हणजे निदान स्क्रीन गोठणार तरी नाही. तुम्ही समजावलंत की हार्ड माउंट अडकतं ते बिघडलं म्हणून नव्हे. स्टोरेज उत्तर देईपर्यंत ते वाट बघत राहतं, हातातलं काम टाकून देत नाही. सॉफ्ट माउंट काही प्रयत्नांनंतर हात वर करतं आणि लिहिणं अर्धवट राहू शकतं. “ते थांबलंय ते तुमच्या वह्यांसाठीच थांबलंय. थांबू द्या त्याला,” असं म्हणालात. दोन दिवस ज्या गोठलेल्या स्क्रीनचा मी राग राग करत होतो, तिच्याकडे मग मला वेगळ्या नजरेनं बघता आलं.

शनिवारी भर पावसात फोंड्याला बस बदलून तुम्ही आलात. ओली छत्री दाराशी ठेवलीत, चहाही नको म्हणालात आणि आधी पिंग लावलंत. नेहमीचं नव्हे. नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचे तुकडे करायचे नाहीत अशी ताकीद देऊन ८९७२ बाइटचं. एकही उत्तर आलं नाही. मग १४७२ चं लावलंत, सगळी परत आली. आमच्याकडे काम करणारा कॉलेजातला मुलगा शेजारी उभा होता. त्याला तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत: ९००० मधून पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचे, म्हणजे आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ गेले की ८९७२, आणि १५०० मधून तेवढेच गेले की १४७२. सर्व्हर आणि स्टोरेज या दोघांचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, आम्ही पूर्वी ९००० ठेवला होता. जुन्या स्विचला ते चालायचं. नव्या स्विचमध्ये जंबो फ्रेम, म्हणजे १५०० पेक्षा मोठी पाकिटं, मुळात बंदच होत्या, म्हणून लॉगिन, फोल्डरची यादी, छोट्या फाइली असं लहान सगळं आरपार जात होतं आणि मोठं पाकीट स्विच गुपचूप टाकून देत होता. मध्ये राउटर असता तर त्यानं ‘पाकीट मोठं आहे’ असा निरोप उलट पाठवला असता. स्विच तसा निरोप पाठवत नाही. दोन्ही टोकांना वाटत होतं, समोरच्याला ९००० चालतं.

आयस्कझीचा गुंताही तिथेच सुटला. मोठी पाकिटं पोचत नसल्यानं त्यांच्या मागे रांगेत उभी असलेली तपासणीची छोटी हाकही पोचत नव्हती. पाच सेकंदांत उत्तर नाही, म्हणून कनेक्शन तुटल्याची नोंद लॉगमध्ये पडत होती. १२० सेकंद वाट पाहून सर्व्हर वरच्या मशिनला एरर देत होता, आणि ते मशिन डेटा बिघडू नये म्हणून आपली डिस्क ‘फक्त वाचा’ करून घेत होतं. मी ज्याला डिस्क मेली म्हणत होतो, ती डेटा सांभाळून बसली होती.

स्विचवर जंबो फ्रेम चालू केल्यात. खोलीत कुणी बोललं नाही. आणि बुधवारी दुपारपासून अडकलेली ती कॉपी आपोआप पुढे सरकली. ताई, त्या क्षणी मी काही बोललो नाही, कारण बोलता येत नव्हतं. पडद्यावर एकामागून एक फाइलींची नावं येत होती, त्या जीर्ण वहीची पानं. मग मुलानं शेवटचं पान उघडलं आणि तुम्ही त्यावरचं पद मोठ्यानं वाचलंत.

तरी तुम्ही उठला नाहीत. दुसरा आणि तिसरा सर्व्हर आळीपाळीनं अजूनही तुटत होते. तिसऱ्याला नवी डिस्क घालताना मी दुसऱ्याचीच प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, उतरवली होती. सर्व्हरचं नाव बदललं, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता बदलला. पण आयस्कझीचं इनिशिएटर-नाव, म्हणजे ज्या नावानं सर्व्हर स्टोरेजला आपली ओळख सांगतो ते, दोघांचं एकच राहिलं. एक आत आला की स्टोरेजला वाटे, तोच माणूस परत आलाय, आणि आधीच्याला बाहेर काढलं जाई. हे दिसल्यावर तुमचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदाच गंभीर झाला. त्या नावामुळे तिसऱ्या सर्व्हरला दुसऱ्याची डिस्क उघडी झाली होती, आणि दोघांनी एकाच वेळी तिच्यावर लिहिलं असतं तर डेटाबेस गेलाच असता. तिसऱ्यावरची मशिन मी अजून सुरू केली नव्हती, म्हणून वाचलो. तुम्ही तिथल्या तिथे तिसरा बंद केलात, नवं नाव दिलंत, स्टोरेजवरची परवानगी वेगळी केलीत. मग डेटाबेसच्या मशिनची फाइलसिस्टिम तपासलीत. बुधवारच्या काही नोंदी तेवढ्या पुन्हा कराव्या लागल्या.

शेवटच्या बसची वेळ होत आली होती, तरी मुलाची वही मागून घेतलीत आणि चार पानं मराठीत लिहून दिलीत. केबल आणि दिवे आधी, मग मोठं पिंग, मग पोर्ट, मग नाव, मग परवानगी, आणि प्रत्येकापुढे काय दिसलं तर काय समजायचं. पैशांचं पाकीट तुम्ही टेबलावरच ठेवून गेलात. बसभाडं तरी घ्या म्हटलं, तेही नाही.

चवथीच्या आधी पुन्हा एकदा अडकलं. मी बाहेरगावी होतो. मुलानं तुमची पानं समोर ठेवली आणि वरून एकेक गोष्ट पाहत गेला. केबल ठीक, ८९७२ चं पिंग ठीक, दोन्ही पोर्ट उघडी, नावं वेगळी. शेवटी सापडलं: एका सर्व्हरचा आयपी बदलला होता आणि एनएफएसच्या परवानगीच्या यादीत जुनाच राहिला होता. अर्ध्या तासात त्यानं ते सोडवलं, मला फोनही केला नाही. आल्यावर पाहिलं, तर तुमच्या अक्षराखाली त्याच्या अक्षरात पाचवं पान सुरू झालं होतं.

ते पान या पत्रासोबत पाठवतोय. काही चुकलं असेल तर लाल पेनानं लिहून कळवा, तो वाट बघतोय.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला,
डिचोलीचा वह्यावाला