भरतीही दुपारची, डबाही दुपारचा

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठी भरती कोणत्या दिवशी, किती वाजता येणार याचे वेळापत्रक महापालिका आधीच जाहीर करते. घरपोच डब्याचे काम करणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांच्या स्वयंपाकघरात ते कॅलेंडरच्या शेजारी लावलेले असते. नीट वाचले तर त्यातली एक गोष्ट लक्षात येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ही मोठी भरती मुंबईत साधारण दुपारी 12 ते 2 च्या सुमारास येते. जिना उतरू न शकणाऱ्या, घरात एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांना डबा जातो तोही याच वेळी. पर्जन्यवाहिन्यांची समुद्राकडची तोंडे तेव्हा पाण्याखाली असतात. पूरदरवाजे बंद केलेले असतात, आणि त्याच तासात पाऊस जोराचा आला की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे या सखल ठिकाणांचे पाणी पंपांच्या भरवशावर उरते.

26 जुलै 2005 सारख्या दिवसाबद्दल आम्ही लिहीत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा डब्याचा प्रश्न मागे पडतो, माणसे वाचवायची असतात. आमचा प्रश्न ऑरेंज अलर्टच्या साध्या दिवसाचा आहे. असे दिवस दर पावसाळ्यात येतात आणि त्यांची बातमीही होत नाही. त्या दिवशी डब्याला पाणी ओलांडावे लागू नये, एवढीच आमची मागणी आहे.

त्यासाठी नवीन काही बांधायला नको. मुसळधार पावसात शाळांना सुट्टी मिळते. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी महापालिकेच्या काही शाळा ठरवूनही ठेवलेल्या असतात. पाणी साचण्याच्या प्रत्येक मोठ्या ठिकाणाच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक शाळा निवडून तळमजल्यावरची, पण रस्त्यापेक्षा उंच जोत्याची एक खोली डब्यासाठी द्यावी. हिंदमाताच्या परळच्या बाजूला एक, दादरच्या बाजूला एक. खोलीत चालू नळ, उघडणारी खिडकी, अग्निशामक नळकांडे आणि 19 किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर सुरक्षित ठेवण्याची जागा असली की भागते. शेगडी, भांडी, शिधा आणि माणसे आम्ही आणू. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी फुकट जेवण वाटणाऱ्यांनाही लागते. ती प्रत्येक खोलीच्या पत्त्यावर करून घ्यावी लागेल, त्यात विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मदत करावी.

खोली लहान चालेल असे म्हणतो, कारण पावसाच्या दिवशी एकच पदार्थ करायचा असतो. चाळीस माणसांसाठी अडीच किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ, अठरा लिटर पाणी, लाल भोपळा किंवा दुधी बारीक चिरून तीन किलो, हळद, जिरे, थोडे तूप. तीस-पस्तीस लिटरच्या पातेल्यात प्रत्येकी अर्धा किलोच्या थोडी वर मऊ खिचडी होते. मीठ बेताचे घालून वेगळी पुडी द्यावी, म्हणजे रक्तदाबवाल्यांची आणि किडनीच्या रुग्णांची पंचाईत होत नाही. पोळी पावसाळ्यात फसते. गरम भरली तर वाफेने ओली होते, गार करून भरली तर वातड होते, आणि कवळी नसलेल्या माणसाला दोन्ही चावत नाहीत. खोबरे घातलेली आमटी दमट हवेत सगळ्यात आधी आंबते. तीही नको.

खिचडीचा धोका वेगळा आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात उरलेले जिवाणूंचे बीजाणू वाढू लागतात आणि विष तयार करतात. मग तो पुन्हा उकळला तरी ते विष जात नाही. म्हणून पातेल्यात सळईचा थर्मामीटर लावून 60 अंशांच्या वर असतानाच डबा भरायचा आणि भरल्यापासून दोन तासांत तो खाल्ला गेला पाहिजे. आता अडचण अशी, की एकटी माणसे अर्धा डबा रात्रीसाठी झाकून ठेवतात. कितीही सांगितले तरी ठेवतात, आणि त्यांचेही चूक नाही, रात्री कोण देणार? त्यावर उपाय एकच: दुपारच्या डब्यात भूक भागेल एवढेच द्यायचे आणि रात्रीसाठी कोरडे वेगळे द्यायचे. सातूचे पीठ, पातळ पोहे, राजगिऱ्याचा लाडू, फ्रीजशिवाय टिकणारे 200 मिलिलिटरचे दुधाचे बंद पाकीट. मधुमेह असेल तिथे राजगिऱ्याचा लाडू काढून फुटाणे द्यावेत, दात असतील तर.

इन्सुलिनचेही इथेच लिहायला हवे. जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून डबा तासभर उशिरा आला तर साखर उतरते आणि घरात ओळखणारे कोणी नसते. पावसाच्या दिवशी डबा हातात आल्यावरच सुई, असा नियम त्या त्या रुग्णाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि मोठ्या अक्षरात फ्रीजच्या दारावर लावावा. महापालिकेच्या दवाखान्यांतून हे सहज होईल.

डबे पोचवणाऱ्यांविषयी. जोडीनेच जायचे. खांद्यावरच्या पिशवीत एकाने सहा ते आठ डबे, त्याहून जास्त नाहीत. एक हात मोकळा, दुसऱ्यात पाच फुटांची काठी. छत्री घरी ठेवायची, पँटसकट रेनकोट घालायचा. गमबूट घोट्यापर्यंतच्या पाण्यात ठीक, पोटरीच्या वर पाणी गेले की आत भरते आणि पाऊल उचलत नाही. मागून पट्टा असलेली सँडल बरी. पाणी भोवऱ्यासारखे फिरताना दिसले तर तिथे पाय टाकायचा नाही. मॅनहोलच्या झाकणाखाली जाळ्या बसवल्या जात आहेत, पण कुठल्या गल्लीत बसल्या आणि कुठल्या बाकी आहेत हे पायी चालणाऱ्याला कसे कळावे? ती यादी विभागनिहाय प्रसिद्ध करावी. विजेच्या खांबाला, फीडर पिलरला (रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीला) हात लावायचा नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर मागे फिरायचे. साचलेल्या पाण्यातून गेलेल्याने पाय साबणाने धुवायचे आणि 72 तासांच्या आत लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक गोळ्यांसाठी डॉक्टरांना भेटायचे, जखम असेल तर त्याच दिवशी. ती गोळी, डॉक्सिसायक्लिन, दवाखान्यात मिळते, फक्त स्वयंसेवकांना त्यासाठी केसपेपरच्या रांगेत वेगळी सोय मिळावी.

लिफ्टने जायचे नाही. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरू लागले की वीज बंद करतात, आणि ते योग्यच आहे. पण तेवढ्यात लिफ्टमध्ये असलेला माणूस आत अडकतो. वीज गेली की पंपही बंद आणि वरच्या टाकीचे पाणी संपते, म्हणून पुनर्वसनाच्या सात मजली इमारतींत डब्याइतकेच पिण्याचे पाणी महत्त्वाचे ठरते. माणशी चार लिटर, तेही झाकणाच्या दोन लहान बाटल्यांत आणि दोन मोठ्या. पाच लिटरचा कॅन संधिवाताच्या हातांना उचलत नाही. दाराची घंटा विजेवरची असते, तीही वाजत नाही. दार जोरात वाजवायचे, थांबायचे, कमी ऐकू येते हे धरून चालायचे. दहा मिनिटांत कोणी उघडले नाही तर शेजाऱ्यांकडची किल्ली, ती नसेल तर 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन. कालचा डबा न खाता परत आला असेल तर त्याची नोंद त्याच दिवशी करायची. आजारपण बहुतेकदा तिथेच पहिल्यांदा दिसते.

यासाठी यादी लागते, आणि यादीबाबत आम्ही फार सावध आहोत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यांकडे असते. विभागाच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात ती नसेल तर महापालिकेच्या 1916 या मदत क्रमांकावर फोन आला तरी कोणत्या मजल्यावर कोण पडून आहे हे समजणार नाही. संबंधितांच्या संमतीने ही नोंद कक्षात यावी आणि तिच्यात मजला, लिफ्ट आहे की नाही, चालता येते की नाही, शेजारी किल्ली कोणाकडे, एवढे चार रकाने जोडावेत. ती व्हॉट्सॲपच्या गटात कधीही टाकू नये. ‘अमुक खोलीत म्हातारी बाई एकटी’ हा मजकूर कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. स्वयंसेवकाला फक्त त्याच्या फेरीतली नावे, कागदावर, फेरी संपली की कागद परत.

मोठी भरती आणि ऑरेंज किंवा रेड अलर्ट एकाच दिवशी येत असेल तर आदल्या संध्याकाळी पाचपर्यंत नियंत्रण कक्षाने डब्याच्या या खोल्या चालवणाऱ्यांना कळवावे. मग डाळ-तांदूळ रात्रीच निवडून ठेवता येतात, सकाळी सातला पातेले चढते आणि साडेदहापर्यंत शेवटचा डबा पोचतो. इन्सुलिनवाल्यांना आदल्या रात्रीच फोन करता येतो. सकाळी नऊला कळवले तर यातले काही होत नाही.

शेवटची मागणी किल्लीची. सुट्टीच्या दिवशी शाळेचे कुलूप कोणी उघडायचे, हे कागदावर असल्याशिवाय वरचे सगळे निरर्थक आहे. मुख्याध्यापक कल्याणला किंवा विरारला राहत असतील आणि लोकल बंद असेल तर ते येऊ शकत नाहीत. दुसरी किल्ली शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या शिपाई किंवा सुरक्षारक्षकाकडे असावी, त्याचे नाव व फोन नियंत्रण कक्षात असावा, आणि हा आदेश मे महिना संपायच्या आत निघावा. पावसाचे आगमन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरले तर आदेशानंतर भांडी नेऊन ठेवायला आणि एकदा कोरडी रंगीत तालीम करायला दहाएक दिवस मिळतात. तेवढे पुरतात.

आपले,
घरपोच डब्याचे काम करणारे स्वयंसेवक,
दादर–परळ–माटुंगा