विषय: मायग्रेशनचा आराखडा नव्याने करून देणे, आणि 'टेक्निकल माणसाला फोन द्या' या उत्तराचा खुलासा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व मायग्रेशन विभाग

मंगळवारी दुपारी तुमच्या हेल्पलाईनवर 1 तास 10 मिनिटं घालवून फोन ठेवला. त्यानंतर 2 दिवस थांबले, कारण त्याच दिवशी लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते.

आमच्या द्राक्ष निर्यात कंपनीच्या नाशिकच्या कार्यालयातली तुमची दस्तऐवज प्रणाली नव्या सर्व्हरवर हलवायची, म्हणजे मायग्रेशन करायचं आहे. ही मागणी आमचीच. जुन्या सर्व्हरवरच्या विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा सपोर्ट 10 ऑक्टोबर 2023 ला संपला, एसक्यूएल सर्व्हर 2014 चा 9 जुलै 2024 ला. त्यामुळे हलवायला आमची ना नाही. तक्रार आराखड्याबद्दल आहे. तुम्ही त्याला आराखडा म्हणता, पण त्यात कॉपी-पेस्टपलीकडे काहीच नाही.

या सर्व्हरवर आमचे साडेचार लाखांहून जास्त दस्तऐवज आहेत. शेतकऱ्यांच्या प्लॉटची नोंदणी, फवारणीच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं, तोडणीच्या पावत्या, औषधांच्या अवशेषांचे रेसिड्यू रिपोर्ट, पॅकहाऊसची तपासणी, मालावर कीड-रोग नसल्याचं फायटो सर्टिफिकेट. द्राक्षाची एक पेटी युरोपात उतरते तेव्हा तिच्या मागे ही सगळी साखळी उभी असते. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे सीसीसी म्हणतात त्याचे, अवशेष युरोपात सापडले आणि माल अडकला. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. त्या वर्षी माझे वडील ओट्यावर बसून फवारणीची वही पानापानाने उलटत होते, आणि त्या वहीला विचारणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून मी कागद जपते आणि तेच माझं काम आहे. तुमच्या इंजिनिअरला हे साडेचार लाख दस्तऐवज 'जुना डेटा' वाटतात. माझ्या लेखी ते शेतकऱ्यांचे पुरावे आहेत.

आता तुम्ही घेतलेल्या मायग्रेशनच्या चाचणीत काय झालं ते सांगते. तुम्हाला तुमचं प्रॉडक्ट ठाऊक आहे, म्हणून प्राथमिक गोष्टी सांगत बसत नाही. तुमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे मूळ साठ्यात, दस्तऐवज आयडीने, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाने, साठतो आणि नाव हे डेटाबेसमधलं फक्त एक फील्ड असतं. तरीही तुमच्या टीमने आयडीने हलवण्याऐवजी सगळं आधी फोल्डरमध्ये एक्स्पोर्ट केलं, नावाने फाईली बनवल्या आणि मग नव्या लिनक्स सर्व्हरवर बल्क इम्पोर्ट लावला. विंडोजवर फाईलचं नाव 255 चिन्हांपर्यंत चालतं. तुमच्या नव्या सर्व्हरच्या फाईल सिस्टीमवर मर्यादा चिन्हांची नाही, 255 बाइटची, म्हणजे साठवणुकीच्या एककांची, आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या जागतिक मानकात, यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात.

आमच्या एका रिपोर्टचं नाव असं आहे: 'मौजे उगाव तालुका निफाड गट क्रमांक', पुढे तीन आकडे, मग 'द्राक्ष निर्यात हंगाम रासायनिक अवशेष तपासणी अहवाल नमुना पहिला'. शेवटच्या पीडीएफच्या शेपटासह हे नाव 265 बाइटचं होतं. मी कागदावर एकेक चिन्ह मोजलं आहे. कॉपी अडली, तेव्हा तुमच्या माणसाने आम्हाला न विचारता एक स्क्रिप्ट लावून सगळी नावं 80 चिन्हांवर कापली. हे नाव 'तपासण' वर तुटलं. त्याच गटाच्या 'नमुना दुसरा' या रिपोर्टचं नावही 'तपासण' वरच तुटलं. दोन्ही नावं एक झाली आणि दुसरी फाईल पहिलीवर चढली. पहिल्या नमुन्यात अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते, तोडणी थांबवली होती, मग दुसरा नमुना पास झाला. आता नव्या सर्व्हरवर फक्त पास झालेला रिपोर्ट दिसतो. उद्या ऑडिटरने विचारलं तर आम्ही नापास रिपोर्ट लपवला असाच त्याचा अर्थ होईल. आम्ही काहीही लपवलेलं नाही. हे तुमच्या स्क्रिप्टने केलं आहे.

वर, आलेल्या सगळ्या दस्तऐवजांवर तयार केल्याची तारीख चाचणीच्या दिवसाची आणि तयार करणारा 'ॲडमिन'. जुन्या आवृत्त्या गायब, फक्त शेवटची शिल्लक. कोणाला काय बघता येईल याचे हक्कही आले नाहीत, त्यामुळे पगारपत्रकांचा फोल्डर गेटवरच्या संगणकावरून उघडत होता. तो मी स्वतः उघडून पाहिला.

हे सगळं सांगायला मंगळवारी फोन केला. 40 मिनिटं होल्डवर संगीत. मग एक इंजिनिअर आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड आहे, ऐका. मी उगावच्या रिपोर्टचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, नावं मराठीत ठेवली म्हणून प्रॉब्लेम आहे. स्टँडर्ड पाळलं असतं तर हे झालं नसतं." मी म्हणाले, युनिकोड हेच स्टँडर्ड आहे आणि तुमच्या प्रणालीत मराठी चालतं असं विकताना तुम्हीच दाखवलं होतं. त्यावर तो म्हणाला, "चालतं, पण मायग्रेशनला नाही." मी विचारलं, मग करायचं काय? "तुम्ही नावं इंग्रजीत रिनेम करून द्या, मी एक्सेलचा फॉरमॅट पाठवतो." साडेचार लाख नावं! एका नावाला अर्धं मिनिट धरलं तरी 3750 तास होतात. मी हा हिशोब त्याला फोनवर करून दाखवला. तो गप्प. मग मी म्हणाले, निदान बाइटची गोष्ट समजून घ्या, 'द्राक्ष' हा एकच शब्द धरा: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. सात चिन्हं, 21 बाइट. मी अजून बोलत होते. तेव्हा तो म्हणाला:

"मॅडम, तुमच्याकडे कोणी टेक्निकल माणूस आहे का? असेल तर त्याला फोन द्या."

सात चिन्हं मी मोजून दिली होती आणि त्याने माझ्याकडे माणूस मागितला. 17 वर्षं मी हा विभाग सांभाळते आहे. तुमची प्रणाली इथे बसवली तेव्हा वर्गीकरणाचा तक्ता मी बनवला, हक्कांची यादी मी बनवली. मी म्हणाले, फोनवर तोच माणूस आहे, बोला. तो म्हणाला, "मग हे स्कोपमध्ये नाही," आणि फोन ठेवला. अर्ध्या तासात मेसेज आला: तिकीट बंद, ग्राहकास माहिती दिली.

काय माहिती दिली? मराठीत नाव ठेवलं ही आमची चूक आहे, ही?

नाशिकमध्ये सातबारा मराठीत असतो, शेतकरी मराठीत सही करतो, फवारणीची वही मराठीत भरतो. लांब नावं आमच्या जुन्या हेडक्लार्कनी ठरवली, ती अशासाठी की गट नंबर विसरलेला माणूसही गावाच्या नावावरून कागद शोधू शकेल. ती पद्धत चांगली आहे. ती बदलणार नाही.

आता वेळापत्रकाबद्दल. तुम्ही कटओव्हर, म्हणजे जुनं बंद करून नवं चालू करणं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवला आहे, शनिवारी रात्री 10 ते सोमवारी सकाळी 6. म्हणजे 32 तास. डेटा 4 टेराबाइट, लाईन 100 एमबीपीएस. लाईन एक क्षणही न थांबता पूर्ण भरून चालली तरी नुसती कॉपी व्हायला 88 तासांहून जास्त लागतात. त्यावर सर्च इंडेक्स नव्याने बांधायचा, तो वेळ वेगळाच. हा गुणाकार-भागाकार तुमच्या कोणीही केला नाही? आणि फेब्रुवारी! द्राक्षाचा निर्यात हंगाम जानेवारी ते एप्रिल. त्या दिवसांत पॅकहाऊसला रविवार नसतो. कंटेनर प्रीकूलिंगला लागलेला असताना रिपोर्ट उघडला नाही तर माल तिथेच थांबतो. हे मी पहिल्या बैठकीत सांगितलं होतं, मिनिट्समध्ये आहे. मे ते ऑगस्ट या काळात करा म्हटलं होतं, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर पुन्हा नोंदणीची धावपळ सुरू होते.

ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या सरकारी पोर्टलवर सगळं असतंच, असंही एकदा तुमच्या सेल्सच्या बाईंनी ऐकवलं. अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेटवर नोंदणी आणि तपासणीचा निकाल असतो. वहीची पानं, पावत्या, आमचा आतला पत्रव्यवहार आमच्याकडेच असतो. हिशोबाची पुस्तकं तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 प्रमाणे 8 वर्षं सांभाळावी लागतात, त्याला ग्रेपनेट काय करणार?

मला लेखी हवं ते हे. दस्तऐवज आयडीने हलवा, नावाला हात लावू नका. मूळ तारखा, मूळ माणसं, सगळ्या आवृत्त्या आणि हक्क जसेच्या तसे आले पाहिजेत, आणि प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे आतला मजकूर बदलला नाही हे दाखवणारा आकडा, दोन्हीकडे जुळवून त्याची यादी आमच्या हाती द्या. मोठा साठा आधी सावकाश हलवा, शेवटच्या रात्री फक्त मधल्या काळातला फरक. पूर्ण डेटावर किमान 2 रंगीत तालमी करा, नमुन्याच्या 500 फाईलींवर नाही. कटओव्हरच्या रात्री किती वाजेपर्यंत जमलं नाही तर परत जुन्यावर यायचं, ती वेळ आणि तो निर्णय घेणाऱ्या तुमच्या माणसाचं नाव आराखड्यात लिहा. जुना सर्व्हर पुढचा एक हंगाम फक्त वाचण्यापुरता चालू राहील.

आणि 'टेक्निकल माणसाला फोन द्या' याबद्दल लेखी दिलगिरी. ती मला वैयक्तिक नको, आमच्या विभागाला हवी. या विभागात 4 जणी आहेत, चौघींनी तो कॉल स्पीकरवर ऐकला आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 10 दिवसांत सुधारित आराखडा आला नाही तर मायग्रेशनचा दुसरा हप्ता निघणार नाही, एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण होणार नाही, आणि करारातल्या डेटाच्या कलमाखाली आमचे वकील नोटीस पाठवतील. मला वाईट वाटतं आहे. तुमची प्रणाली घ्या म्हणून संचालकांपुढे मीच बोलले होते, मराठीत शोध चालतो म्हणून. आज त्याच संचालकांपुढे मराठीमुळे अडलं असं मी सांगू शकत नाही, कारण ते खरं नाही.

तोवर कटओव्हरची तारीख रद्द समजावी. सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडे आहे, आणि तुमच्याकडून कोणी आलं तर आधी मला फोन करायचा, असं गेटवर लिहून दिलं आहे.

विभागप्रमुख, नोंदी व दस्तऐवज
नाशिक

सोबत: चाचणीत एकमेकांवर चढलेल्या फाईलींची यादी, पहिल्या बैठकीचे मिनिट्स