नारळ आधी की तारीख?

संपादक महोदय,

यंत्राच्या बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हे सरकारी कागदावर. आमच्या घरात मात्र समुद्र उघडतो तो नारळी पौर्णिमेला, आईच्या हातून नारळ पाण्यात गेला की. यंदा त्यावरून माझं आणि मुलाचं वाजलं. तो म्हणाला, "बाबा, पौर्णिमा येईपर्यंत खलाशांना बसवून कोण पोसणार?" हिशेब त्याचा बरोबर. खलाशांना उचल दिलेली, डिझेल, बर्फ, वर बँकेचा हप्ता. मला उत्तर सुचेना. मान खाली घालून जाळं शिवत बसलो. पावसाळ्यात उंदरांनी त्याचा एक कोपरा असा कुरतडलाय की दोन दिवस त्यातच गेले. (शिवताना भांडण सुचत नाही, हा एक फायदा.)

तोड काढली आईनेच. वय ऐंशीच्या पुढे. एक तारखेला पहाटे नातवाचा हात धरून पुळणीवर आली, सुवर्णदुर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि साधा नारळ लाटेत सोडत म्हणाली, "ही उचल समज रे बाबा. सोनेरी कागदाचा पौर्णिमेला देते."

दर्यालाही उचल! मुलगा हसला, पण चपला काढून हात जोडलेच त्याने.

पहिल्या फेरीत डिझेलचे पैसेही सुटले नाहीत. पौर्णिमेचा नारळ आईने देव्हाऱ्याखाली ठेवलाय. रोज हलवून पाणी वाजतंय का बघते.

— एक बोटमालक, हर्णै (ता. दापोली)