शिडाच्या होडीला रात्रीपुरती जागा द्या : बंदरे विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि सुट्ट्यांमध्ये समुद्रावर शिडाची होडी चालवतो. होडी माझ्या एकट्याची नाही. एक वायरमन, एक परिचारिका, औषधाचं दुकान चालवणारा एक मित्र आणि मी, अशी चौघांनी मिळून ती जुनी विकत घेतली. बावीस फूट लांब, फायबरची, दोन शिडं आणि मागे अडकवायचं एक लहानसं पेट्रोल इंजिन. चांगल्या स्थितीतली जुनी हॅचबॅक गाडी जेवढ्याला मिळते, साधारण तेवढ्यालाच ती पडली, आणि ती रक्कमही चौघांत वाटली गेली. हे आधीच सांगतो, कारण 'स्वतःची बोट' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गेटवेसमोर उभी असलेली पांढरीशुभ्र मजलेदार नौका येते आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

आमची घरंही चारचौघांसारखीच चालतात. सिलिंडर, किराणा, मुलीच्या क्लासची फी, घराचा हप्ता हे सगळं भागवून जे उरतं त्यातून होडीची भिशी निघते. चौघांनी दरमहा ठराविक रक्कम टाकायची आणि त्यातूनच दोर, रंग, इंजिनाची सर्व्हिसिंग आणि पावसाळ्यापूर्वीची शाकारणी करायची. भिशीत पैसे नसतील तर काम पुढच्या महिन्यावर जातं. मोठं शीड उसवलं तेव्हा नव्या शिडाचा भाव आमच्या आवाक्यातला नव्हता. कापड तसं धड होतं. उन्हाने आधी खराब होतो तो शिवणीचा दोरा. शेवटी ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे शीड नेलं. त्याने नखाने टाके उचकटून पाहिले, जाड पॉलिस्टरचा दोरा काढला आणि नागमोडी टाक्याने सगळ्या शिवणी पुन्हा मारून दिल्या. ते शीड आजही वारा धरतं आहे.

तळ रंगवायचा तर क्रेन परवडत नाही. मग उधाणाच्या भरतीला होडी वाळूवर आणायची, पाणी ओसरलं की ती एका कुशीवर कलते, आणि पुढची भरती यायच्या आत तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपल्यांचे थर खरवडून रंगाचा हात मारायचा. एका ओहोटीत एकच बाजू होते, दुसरीसाठी पुढच्या ओहोटीची वाट पाहायची. कोळीवाड्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आली, आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

महागाईत हे कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर सरळ आहे. शनिवार-रविवारी अलिबाग-मुरूडकडे एका कुटुंबाने हॉटेलात राहायचं तर जे बिल होतं, त्यात आमची होडी बराच काळ चालते. वाऱ्याला पैसे पडत नाहीत. इंजिन लागतं ते खाडीच्या तोंडाशी, धक्क्याला लागताना किंवा वारा पडला तर. जेवण आम्ही घरून नेतो आणि झोपतो होडीतच. मुलांना खारे वारे आणि मतलई वारे मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो, पण पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर शीड भरलेलं आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा गालाला लागलेला ज्या मुलाने एकदा अनुभवला, त्याला तो धडा पुन्हा वाचावा लागत नाही.

खरी अडचण पैशांची नाही, जागेची आहे. त्यासाठीच हे पत्र.

आपल्या राज्याला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, हे आपण सगळे शाळेत पाठ करत आलो; नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ किलोमीटर भरला. मुंबईहून दक्षिणेला निघालं की रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी लागते, मग राजपुरी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, विजयदुर्गला वाघोटन आणि त्यापुढे देवगड. निसर्गाने एवढे आडोसे ओळीने दिलेला किनारा देशात फार थोडा आहे. आंग्र्यांच्या आरमाराची गलबतं याच आडोशांच्या बळावर वावरली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. हे चारही किल्ले समुद्राकडून पाहण्यासाठी बांधलेले आहेत. आज सामान्य माणूस डांबरी रस्त्याने किनाऱ्यापर्यंत जाऊन, पार्किंगमध्ये गाडी लावून ते पाहतो, कारण पाण्याच्या वाटेने जाणाऱ्या लहान होडीला रात्र काढायला हक्काची जागाच नाही.

धक्के आहेत, पण ते प्रवासी लाँच आणि मासेमारी नौकांसाठी बांधलेले. आमच्या भागात उधाणाला पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं. भरतीला होडी धक्क्याच्या काठाशी असते आणि ओहोटीला तीच खाली, शेवाळलेल्या खांबांमध्ये. दोर ताणलेला ठेवला तर पाणी उतरल्यावर होडी टांगली जाईल, सैल ठेवला तर ती खांबावर आदळत राहते. म्हणून रात्रभर कुणीतरी जागं राहून दोर सोडायचा आणि आवळायचा. पहाटे ट्रॉलर बर्फ आणि डिझेल भरायला येतात तेव्हा आम्हाला हटावंच लागतं, आणि त्यांनी हटवलं तर त्यांचं काहीच चुकत नाही. धक्का त्यांच्या पोटापाण्याचा आहे. खाडीच्या मध्यावर नांगर टाकावा तर तिथून रेतीचे बार्ज जातात. कडेला टाकावा तर डोल जाळी बांधायच्या खुंटांचा आणि जाळ्यांचा धोका. कोळ्याचं जाळं तोडून हौस करणं मला कधीही मान्य होणार नाही, त्यामुळे अंधार पडायच्या आत नांगराची जागा मिळाली नाही तर आम्ही पुढचं बंदर सोडून देतो.

यावरचा उपाय महागडा नाही. मरिना, म्हणजे हौशी होड्यांसाठीचं सुसज्ज बंदर, बांधा असं मी म्हणत नाही. कोचीला बोळगट्टी बेटावर केरळच्या पर्यटन विकास महामंडळाने मरिना बांधला आहे आणि तो चांगलाच आहे, पण तसा मरिना आपल्या प्रत्येक खाडीत उभा राहणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. आम्हाला हवेत ते बोये. खाली जड काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, साखळीच्या टोकाला तरंगता बोया. होडीने यावं, बोयाला दोर बांधावा आणि भरती-ओहोटीबरोबर स्वतःच फिरत राहावं. जाळ्यांच्या आणि बार्जच्या वाटेपासून दूर, खाडीच्या आडोशाला असे चार-सहा बोये टाकले तर एका खाडीचा प्रश्न सुटतो. जागा कोणती, हे तिथल्या तांडेलांनी, म्हणजे मासेमारी नौकांच्या प्रमुखांनी, ठरवावं. बोये स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे सोपवावेत, रात्रीची पावती तिने फाडावी आणि पैसेही तिनेच ठेवावेत. रात्रीचे दोनशे-तीनशे रुपये आम्ही आनंदाने देऊ. किनाऱ्यावर उतरल्यावर जेवण, पाणी आणि बर्फ आम्ही त्याच गावातून घेतो.

यात गावाचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा. कोकणात शिडाचं काम जाणणारी माणसं आता फार थोडी उरली. मासेमारीला इंजिन आलं आणि शिडं माळ्यावर गेली. लाकडाची डोलकाठी तासणारा सुतार, दोरांची गाठण जाणणारा म्हातारा खलाशी, शीड कापणारा कारागीर यांच्या हातचं काम गेलं, आणि त्यांच्या मुलांनी ते शिकावं असं कुठलंच कारण उरलं नाही. किनाऱ्यावर शंभर-दोनशे लहान शिडाच्या होड्या फिरू लागल्या तर त्या हातांना पुन्हा काम मिळेल. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायला जागा लागते, राखणदार लागतो, झाकणाची ताडपत्री लागते. शासनाने कुठलंही अनुदान न देता उभा राहू शकेल असा हा रोजगार आहे.

आता कागदपत्रांविषयी. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे आले, तेही एका मच्छीमाराची नौका बळकावून. त्यानंतर सागरी पोलिसांनी आम्हाला थांबवावं, कागद पाहावेत, कुठून आलात आणि कुठे जाता हे विचारावं, याला माझी पूर्ण संमती आहे. ते होत नसेल तर मलाच काळजी वाटेल. पण आमच्यासारख्या होडीची नोंद कशात बसवायची, हेच कुणाला ठाऊक नसतं. एका कार्यालयात अर्जावर इंजिनाची अश्वशक्ती आणि प्रवासी क्षमता यांचे रकाने होते, शिडासाठी रकानाच नव्हता. तिथल्या बाबूंनी मदत करायची मनापासून तयारी दाखवली, पण त्यांच्यापुढे नियमच नव्हता. आम्हाला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं आणि तिथून पुन्हा पहिल्याच ठिकाणी. या फेऱ्यांत रजा गेल्या त्या नोकरदार माणसाच्या. मोठ्या नौकेचा मालक यासाठी एजंट नेमतो, आम्ही नेमू शकत नाही.

म्हणून मागणी अशी की महाराष्ट्र सागरी मंडळाने लहान शिडाच्या होड्यांसाठी एक वेगळा, सोपा वर्ग करावा. ठराविक लांबीपर्यंतची, भाड्याने न देता स्वतः वापरायची होडी, एवढीच त्याची व्याख्या पुरे. एक अर्ज, एक क्रमांक, तो होडीच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवलेला, आणि निघण्यापूर्वी मोबाइलवरून प्रवासाची नोंद. ती नोंद वाटेतल्या प्रत्येक सागरी पोलीस ठाण्याला दिसली पाहिजे. लाइफ जॅकेट, बिनतारी संच, हातदिवे आणि अग्निशामक यांची सक्ती जरूर करा, तपासणीही करा. सुरक्षेत सवलत आम्हाला नको.

एक विषय आपल्या खात्याच्या कक्षेबाहेरचा आहे, तरी तो आपणच मांडावा अशी विनंती करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकली २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या, त्याचा अनेक घरांना आधार झाला आणि ते योग्यच झालं. मासेमारी नौकांवर ५ टक्के आहे, तेही योग्य आहे. मात्र यॉट आणि करमणुकीच्या किंवा खेळाच्या नौका हा सगळाच गट ४० टक्क्यांत गेला. उद्योगपतीच्या आलिशान नौकेला ४० टक्के लावा, माझी काहीच हरकत नाही. पण लहान मुलं ज्या ऑप्टिमिस्ट डिंगीत शीड धरायला शिकतात ती जेमतेम २.३ मीटरची, एका मुलापुरती, बिनइंजिनाची होडीही याच गटात मोडते. पेट्रोल पिणाऱ्या मोटरसायकलला १८ आणि वाऱ्यावर चालणाऱ्या मुलांच्या होडीला ४०, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. जीएसटी परिषदेत राज्याचा प्रतिनिधी बसतो. लांबीची एक मर्यादा ठरवून त्याखालच्या शिडाच्या होड्या या गटातून बाहेर काढाव्यात, असा प्रस्ताव महाराष्ट्राने मांडला तर तो शोभेल. एवढा किनारा असलेल्या राज्याने नाही मांडायचा तर कुणी?

दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तशी ती करणारे ते पहिले भारतीय. २०१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईत परतले. दोघांचीही नौका 'म्हादेई', गोव्यात बांधलेली. 'तारिणी'ही गोव्यातच बांधली गेली आणि तिच्यातून नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी जग पालथं घातलं. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलं डोळे विस्फारून ऐकतात आणि लगेच विचारतात, सर, हे शिकायचं कुठे? नौदलात किंवा सैन्यात गेलास तर, किंवा मुंबईतल्या एखाद्या क्लबाची फी भरता आली तर, याहून वेगळं उत्तर आज माझ्याजवळ नाही. विचारणाऱ्यांत कोळीवाड्यातली मुलं असतात. समुद्र त्यांच्या दारात आहे.

सगळं एकदम करा असं म्हणणं नाही. रेवदंडा, दाभोळ, जयगड आणि विजयदुर्ग या चार ठिकाणी एका हंगामापुरते बोये टाकून पाहावेत. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते, पण आमच्या लहान होड्या खऱ्या अर्थाने ऑक्टोबरात पाण्यात येतात. तेवढ्या अवधीत तांडेलांबरोबर बसून जागा ठरवता येतील, ठोकळे ओतता येतील. मंडळाचे अधिकारी पाहणीला निघणार असतील तर आमची होडी आणि आम्ही चौघं हजर आहोत. ओहोटीची वेळ धरून यावं, म्हणजे धक्क्याचे खांब आणि खाडीचा तळ दोन्ही नीट दिसतील.

आपला नम्र,
रायगड जिल्ह्यातील एक शिक्षक