चमक प्लेटिंगची, पण मेहनत कोणाची?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

चाळीतली जुनी पितळी हँडलं, कड्या, बिजागऱ्या नवीन फ्लॅटमध्ये चमकवून लावण्यावर रविवारच्या अंकात जे आलंय ते वाचलं. फोटो मस्तच, पण सगळं क्रेडिट प्लेटिंगवाल्याला देऊन टाकलंत आणि त्याच्या आधी हाताने जे घासकाम होतं त्यावर एक ओळ नाही, मी 34 वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो त्यामुळे जरा टोचलंच.

प्लेटिंग काही झाकत नाही हो. क्रोमचा थर पाव-अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याच्या खाली निकेल दहा-वीस मायक्रॉन धरा, त्यात एमरी पेपरचा ओरखडा बुजणार कुठून, उलट चकाकीत जास्त उठून दिसतो.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा शेजारच्या वहिनींनी हँडलची पट्टी एका दुकानात दिली. तिथे स्क्रू काढून पट्टी थेट बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर धरली. बफ भोकावरून गेला की कड खातोच, भोकं बशीसारखी पसरली, पट्टीच्या धारा गोल झाल्या आणि वर नवे स्टार स्क्रू ठोकून दिले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चमकतंय खरं, पण आपलं वाटत नाही."

माझी पट्टी मी घरीच केली. सागवानी फळकुटावर तिच्याच जुन्या स्क्रूंनी कसली, स्क्रूंच्या माथ्यावरच्या खाचा सगळ्या उभ्या एका रेषेत आणल्या (हे बघणारं कोणी नसतं, पण आमच्या उस्तादांनी खाच वाकडी दिसली की परत काढायला लावलेलं आहे) आणि मग स्क्रूच्या माथ्यांसकट सगळं एकत्रच घासलं, म्हणजे भोकाची कड जाग्यावर राहते. एमरी पेपर बोटाने नाही दाबायचा, कानशीला गुंडाळायचा. पेपरचे नंबर 220, 400, 600, 800 असे जाड्यापासून बारीककडे, प्रत्येक वेळी दिशा आडवी बदलायची आणि आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही, इथेच लोक घाई करतात. मग पट्टीच्या पाठीला पंचाने एक ठिपका, दोन ठिपके, कारण कुठला स्क्रू कुठल्या भोकाचा हे विसरलं की खाचा परत जुळत नाहीत. घासून खाच उथळ होते, ती बारीक ब्लेडने थोडी खोल करून घ्यायची, प्लेटिंगनंतर ब्लेड लावलं तर संपलंच.

आणि मूठ धरून ठेवणारा जो बारीक स्क्रू असतो, त्याच्या आट्यांवर प्लेटिंगआधी लाख लावून झाकून द्या. आट्यांच्या दोन्ही उतारांवर थर चढतो त्यामुळे 10 मायक्रॉन निकेलला आट्याचा मधला व्यास जवळपास 40 मायक्रॉनने वाढतो, मग तो स्क्रू अर्ध्यात अडकतो आणि लोक पान्हा लावून तोडतात.

एका पट्टीला दोन संध्याकाळी गेल्या. प्लेटिंगवाला नगावर पैसे घेतो, त्यात या दोन संध्याकाळी कोण धरणार, म्हणून तो बफवर धरतो, त्याला तरी काय बोलणार.

वहिनींची पट्टी सध्या माझ्याकडेच आहे. भोकांभोवतीची बशी काढायची तर अख्खी पट्टी तेवढी खाली आणावी लागेल आणि पितळेची जाडीच तेवढी उरलेली नाही.

एक वाचक, लालबाग